पश्चिमेची खिडकी

आमच्या आईची खाट पश्चिमेच्या खिडकीशी आहे. गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरात जी काही भवति न भवति झाली, ती सगळी या पाच फूट रुंद आणि चार फूट उंच खिडकीवरून. पडदे लावायचे की ब्लाइंड्स, एवढाच प्रश्न. बँकेत असताना मी लाखांची कर्जे यापेक्षा कमी चर्चेत मंजूर केली आहेत.

नागपूरचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना निराळे सांगायला नको. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे गेला तरी इथे कुणी दचकत नाही. फक्त रस्ते ओस पडतात. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. आईचे वय ८७. खुब्याचे हाड मोडल्यापासून तिचे जग म्हणजे ती खिडकी. समोरचा कडुनिंब, खालची गल्ली, शाळेचे ऑटो, कोणाकडे पाहुणे आले, कोणाचे दूध उशिरा आले, हे सारे तिला बसल्या जागी कळते. दुपारी चारला मात्र ऊन थेट तिच्या अंथरुणावर येते, आणि मी पडदा ओढला की ती विचारते, "दुपारीच रात्र काहून केली रे?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. पडदा उघडा ठेवावा तर ती भाजून निघते, ओढावा तर कोंडली जाते.

पडद्यांशी आमचा संबंध तसा जुना. नोकरीत नऊ बदल्या झाल्या आणि प्रत्येक गावच्या खिडक्यांची उंची वेगळी. सौ. दर वेळी पडद्यांची शिवण उसवायची, कुठे दुमड सोडायची, कुठे पुन्हा घालायची. आमच्या निळ्या पडद्यांच्या खालच्या कडेला तीन गावांच्या खुणा अजून मोजता येतात. ब्लाइंड्सशी माझी ओळख मात्र शाखाधिकारी झाल्यावर, केबिनमध्ये झाली. उभ्या पट्ट्यांचे ते प्रकरण पंख्याच्या वाऱ्याने दिवसभर खडखडत असे. खालच्या साखळ्या तुटल्या की शिपाई त्या स्टेपलरने जोडी. तरीही ते लावल्यावर केबिनला एक रुबाब येतो, हे मान्य केले पाहिजे. त्या रुबाबालाच मी यंदा भुललो.

दुकानदार तरुण होता, गोड बोलणारा. "काकाजी, आता पडदे कोण लावतं?" इथूनच त्याने सुरुवात केली. रोलर, झेब्रा, उभ्या पट्ट्यांचे, आडव्या पट्ट्यांचे असे सगळे दाखवले. ब्लाइंडचा भाव चौरस फुटावर असतो आणि पडद्याचे कापड मीटरवर, त्यामुळे तुलना करताना भलेभले फसतात. पडद्याला चुण्या पडायच्या तर खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट तरी कापड लागते. म्हणजे आमच्या पाच फुटांना दहा फूट. त्यात अस्तर, शिलाई, रॉड. कागदावर हिशेब मांडला तर दोन्ही बाजू फारशा दूर राहिल्या नाहीत. ॲल्युमिनियमच्या आडव्या पट्ट्या घेतल्या. पट्ट्या थोड्या तिरप्या ठेवल्या की ऊनही अडेल आणि आईला गल्लीही दिसेल, असा माझा हिशेब.

तो पहिल्याच दुपारी चुकला. सूर्य पश्चिमेला खाली उतरला, की तिरप्या पट्ट्यांच्या फटींतून सरळ आत येतो. त्याला अडवायचे तर पट्ट्या पूर्ण मिटाव्या लागतात. म्हणजे पुन्हा दुपारची रात्र. बरे, मिटूनही खोली थंड होईल तर शपथ. साडेचारला मी पट्ट्यांना हात लावला तर तवा! काच आणि ब्लाइंड यांच्यामधली हवा भट्टीसारखी वर चढून खोलीत पसरत होती.

याचे कारण साधे आहे, पण ते समजायला मला बांबूकाम करणाऱ्या एका बुरडाकडे जावे लागले. आईसाठी पाठ टेकायला काही मिळते का ते बघायला गेलो होतो. बोलता बोलता खिडकीचे रडगाणे गायलो. तो कामट्या तासता तासता म्हणाला, "भाऊ, ऊन काचेतून आत आलं म्हणजे आलं. मग तुमी पडदा लावा नाही तर शालू लावा."

शाळेत शिकलेले विज्ञान तेव्हा आठवले. काच उन्हाला आत येऊ देते. ते ऊन ज्या वस्तूवर पडते ती तापते, पण तापलेल्या वस्तूतून निघणारी उष्णता काचेतून तशी बाहेर जात नाही. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत बसताना आपण हेच अनुभवतो. काचेच्या आत लावलेला पांढरा पडदा किंवा ब्लाइंड थोडे ऊन परतवून लावतो, हे खरे. गडद रंगाचा तेवढेही करत नाही. उन्हाला खरे अडवायचे ते काचेच्या बाहेर.

आणि हे मला नवे होते का? महालातल्या आमच्या भाड्याच्या घरी वडील दर चैत्रात वाळ्याच्या ताट्या लावत, त्या दाराच्या बाहेरच्या अंगाला. त्यांच्यावर पाणी मारण्याची पाळी आम्हा भावंडांत वाटलेली असे आणि ती चुकवण्यावरून मारामाऱ्या होत. कोरडी गरम हवा त्या ओल्या वाळ्यातून आत येताना गार होऊन, वास घेऊन येई. बाहेर का लावायच्या, हे वडिलांनी सांगितले नाही, आम्ही विचारले नाही.

दिशेचाही विचार आपण करत नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात नागपुरात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीला उन्हाचा त्रास फारसा नसतो. ऊन तिथून डिसेंबरात आत येते आणि तेव्हा ते हवेच असते. पश्चिमेचे तसे नाही. आमच्या दीड फुटी छज्जाची सावली चार वाजता जेमतेम एक फूट खाली उतरते. बाकीची तीन फूट खिडकी उन्हाच्या स्वाधीन.

मुंबई-कोकणातल्या वाचकांनी मात्र आमचे अनुकरण सरसकट करू नये. तिथे घाम वाळायला वारा लागतो, तेव्हा वाऱ्याने हलणारा सुती पडदाच बरा. आम्ही दिवसा खिडक्या मिटतो आणि रात्री उघडतो, कारण आमच्याकडे दुपारचा वाराच भाजतो. आणखी एक. घरात लहान मूल असेल तर ब्लाइंडची दोरी लोंबती ठेवू नका. ती गळ्यात अडकून मुले दगावली आहेत. आमची नात येणार म्हटल्यावर सौ.ने पहिल्यांदा ती दोरी वर बांधली.

तर बुरडाने आठ दिवसांत कामट्यांची चिक करून दिली. कडेला हिरव्या कापडाची पट्टी, वर कप्पी, खाली दोरी. ब्लाइंडला जे मोजले त्याच्या चौथाईत. छज्जाखाली, काचेपासून हातभर पुढे ती टांगली. भिंतीवरचा तापमापक मी रोज साडेचारला पाहून वहीत मांडत होतो (बँकेची सवय). आकडा दोन-अडीच अंशांनी उतरला. ऐकायला थोडे वाटते. त्या खोलीत पाय ठेवा म्हणजे कळेल. आणि चिकेतून दिवसा बाहेरचे सगळे दिसते, बाहेरच्याला आतले दिसत नाही.

इथे संपायला हवे होते, पण सोसायटीचे पत्र आले. बाहेरून काही लटकवल्याने इमारतीचे रूप बिघडते, तीन दिवसांत काढावे. सौ. म्हणाली, "अहो, भांडू नका. त्यांना चहाला बोलवा." आम्ही सेक्रेटरीसाहेबांना चार वाजता बोलावले, आईच्या खोलीत बसवले, आणि चिक गुंडाळून वर केली. पाचव्या मिनिटाला त्यांनी रुमाल काढला. दहाव्या मिनिटाला खुर्ची सरकवली. आई म्हणाली, "चहा घ्या नं, गरम आहे." पुढच्या बैठकीत ठराव झाला की चिका लावाव्यात, मात्र सर्वांनी एकाच रंगाच्या. आता आमच्या पश्चिमेच्या अंगाला सात हिरव्या चिका आहेत, त्यांतली एक साहेबांची.

ब्लाइंड काढून मी माळ्यावर टाकला. आतल्या बाजूला सौ.ने आईच्याच जुन्या सुती लुगड्याचा पडदा शिवला आहे, तो रात्रीसाठी; कारण दिवा लागला की चिकेचा न्याय उलटतो आणि गल्लीला आतले दिसू लागते. हेही आईनेच सांगितले. काल वावटळ उठली तेव्हा मी झोपलो होतो. तिने मला हाका मारून उठवले, "अरे, चिक गुंडाळ आधी, कामट्या तुटतील. आन् थांब, मला पाहू दे, तो भाजीवाला गाडी झाकतो का नाही ते."