तेझे : पाहुण्यांवरच यजमानपदाची जबाबदारी

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातील तेझे हे टेकडीवर वसलेले एक लहानसे खेडे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र येथील ख्रिस्ती मठात दर आठवड्याला हजारो तरुण-तरुणी मुक्कामास येतात. रविवार ते रविवार असे या निवासी शिबिराचे स्वरूप असते. कॅथलिक, प्रोटेस्टंट, ऑर्थोडॉक्स असे सर्व पंथीय येथे एकत्र राहतात. श्रद्धेविषयी मनात शंका असलेल्यांनाही मज्जाव नाही.

या मठाची स्थापना स्वित्झर्लंडचे ब्रदर रॉजर यांनी केली. १९४० मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत, ते वयाच्या २५व्या वर्षी तेझेत आले आणि त्यांनी ज्यूंसह अनेक निर्वासितांना आपल्या घरात आसरा दिला. १९४९ मध्ये पहिल्या सात बंधूंनी आजन्म व्रत घेतले. अतिथींसाठी दार उघडे ठेवण्याची ही परंपरा तेव्हापासूनची.

एवढ्या मोठ्या संख्येने येणाऱ्यांचे स्वागत कोण करते? हे काम प्रामुख्याने तरुण स्वयंसेवकच सांभाळतात. तेही कधी काळी पाहुणे म्हणूनच आलेले असतात आणि काही आठवडे किंवा महिने मागे राहिलेले असतात. नवागताला शक्यतो त्याच्याच भाषेत दिनक्रम समजावून दिला जातो, झोपण्याची जागा दाखविली जाते आणि एखादे कामही सोपविले जाते. जेवण वाढणे, भांडी घासणे, स्वच्छतागृहे धुणे ही कामे शिबिरार्थीच करतात. जेवण साधे आणि तेही केवळ एका चमच्याने खायचे. अनोळखी तरुणाला आपलेपणा वाटावा, याचा सोपा मार्ग तेझेला या श्रमविभागणीत सापडला आहे.

दिवसातून तीन वेळा प्रार्थना होते. निरनिराळ्या भाषांतील छोट्या ओळी पुनःपुन्हा गायल्या जातात आणि मध्ये काही मिनिटे संपूर्ण शांतता पाळली जाते. उरलेल्या वेळात छोट्या गटांत बायबलवर चर्चा होते. मठवासी बंधू स्वतःसाठी देणग्या स्वीकारत नाहीत. मातीची भांडी बनविण्यासारख्या श्रमांवर त्यांचा चरितार्थ चालतो. शिबिरार्थींकडून मुक्कामापुरते माफक शुल्क घेतले जाते.

उघड्या दाराची किंमतही तेझेने मोजली आहे. १६ ऑगस्ट २००५ रोजी सायंप्रार्थना सुरू असताना एका मनोरुग्ण महिलेने नव्वद वर्षांच्या ब्रदर रॉजर यांची चाकूने हत्या केली. त्यांच्यानंतर प्रमुख झालेल्या ब्रदर अलोईस यांनी अंत्यविधीच्या वेळी त्या महिलेसाठीही क्षमेची प्रार्थना केली. तरुणांचे येणे थांबले नाही. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, कोलकात्यातही मठाच्या पुढाकाराने तरुणांचा मेळावा झाला.

दुसरी कसोटी मठाच्या आतली होती. काही बंधूंनी १९५० ते १९८०च्या दशकांत लैंगिक अत्याचार केल्याच्या तक्रारी मठाने जून २०१९ मध्ये स्वतःहून जाहीर केल्या आणि न्याययंत्रणेलाही कळविल्या. ज्या जागेवर विश्वास टाकून पालक मुलांना पाठवितात, त्या जागेबाबतचे हे सत्य क्लेशदायक होते. मनमोकळ्या स्वागताला सुरक्षिततेची आणि पारदर्शकतेची जोड नसेल तर ते अपुरेच ठरते, हा त्यातून मिळालेला धडा.

डिसेंबर २०२३ पासून ब्रदर मॅथ्यू हे मठाचे प्रमुख आहेत. युवकांसाठी निवासी शिबिरे भरविणाऱ्या कोणत्याही धर्माच्या संस्थेने तेझेकडून दोन गोष्टी घ्याव्यात : आलेल्या तरुणाला केवळ श्रोता न ठेवता जबाबदारी द्यावी आणि त्याने टाकलेला विश्वास डोळ्यांत तेल घालून जपावा.