गावाला विचारून केलेलं संशोधन

दुर्गम भागात संशोधक पोहोचतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याची प्रश्नावली शहरातच तयार झालेली असते. माहिती जमते, शोधनिबंध छापून येतो, आणि ज्यांनी आपलं रक्त तपासायला दिलं त्यांना निष्कर्ष कधी कळतही नाहीत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं १९८६च्या सुमारास वेगळ्या वाटेनं काम सुरू केलं.

दवाखान्याचंच पाहा. आदिवासी मोठ्या रुग्णालयात का येत नाहीत, हे त्यांनी आदिवासींनाच विचारलं. भव्य इमारतींची धास्ती वाटते, नातेवाइकांना रुग्णाजवळ राहू देत नाहीत, तिथं आपला देव नाही, अशी उत्तरं आली. मग ‘सर्च’च्या आवारात, शोधग्रामात, गोंड आदिवासींच्या वस्तीसारखा दवाखाना उभा राहिला. नाव दिलं त्यांच्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं.

बायांचं दुखणं तर कोणी विचारतच नव्हतं. सरकारी योजनांना स्त्री दिसायची ती गरोदरपणात, नाहीतर कुटुंब नियोजनात. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी झाली, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचं आढळलं. १९८९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं आणि जगाला नोंद घ्यावी लागली.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते श्वास मोजायचं साधन. बाळाचा न्यूमोनिया वेगवान श्वासावरून ओळखता येतो. पण गावच्या सुईणींना मोठे आकडे मोजता येत नव्हते. म्हणून दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळूचं घड्याळ रिकामं होण्याआधी शेवटचा, लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. सुईणीला अडाणी ठरवून बाजूला सारण्याऐवजी साधनच तिच्या हाताजोगं केलं. पुढे ३९ गावांत आरोग्यदूत बायांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. २०११पासून देशभरातल्या आशा कार्यकर्त्या नवजात बाळांसाठी अशाच गृहभेटी देतात.

आजार मात्र एकटा येत नाही. दारूनं घर बुडतं, हे बायांचं म्हणणं संशोधकांनी आरोग्याबाहेरचं मानलं नाही. लोकांच्या चळवळीनंतर १९९३मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली.

याच जिल्ह्यातलं मेंढा (लेखा) हे गाव आणखी पुढे गेलं. तिथं गावाचाच अभ्यासगट आहे. जंगल, कायदा, हक्क यांवर गावकरी स्वतः बसून चर्चा करतात. २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क या गावानं मिळवला.