डुकराच्या यकृतांतील रक्तमार्ग



रक्त हृदयांतून निघतें, रोहिणींतून अवयवांत जातें, तेथील सूक्ष्म केशवाहिन्या ओलांडतें आणि नीलांच्या वाटेनें हृदयाकडे परततें, हें आपण शाळेंत शिकलों आहोंत. या नियमाला पोटांत एक मोठा अपवाद आहे. तो ज्या प्राण्याच्या शरीरांत ठळकपणें पाहावयास मिळतो, त्या डुकराविषयीं आज बोलावयाचें आहे. विषय ऐकून कोणीं नाक मुरडूं नये. मनुष्याच्या यकृताचें ज्ञान आपणांस मिळवून देण्यांत या प्राण्याचा वांटा मोठा आहे.

प्रथम पोटांत रक्त येतें कसें, तें पाहूं. पाठीच्या कण्यालगत जाणाऱ्या महारोहिणीपासून पचनाच्या अवयवांकडे तीन प्रमुख शाखा निघतात. पहिली जठर, प्लीहा व यकृत यांना, दुसरी लहान आंतड्याला व मोठ्या आंतड्याच्या बऱ्याच भागाला, आणि तिसरी मोठ्या आंतड्याच्या शेवटच्या भागाला रक्त पुरविते. डुकराचें मोठें आंतडें शंखाच्या वेढ्यांप्रमाणें गुंडाळलेलें असतें, हा त्याचा विशेष होय.

या अवयवांतून परतणारें रक्त मात्र थेट हृदयाकडे जात नाहीं. तेथील नीला एकत्र होऊन एक जाड वाहिनी बनते. तिला प्रवेशिनी नीला म्हणतात. ती यकृतांत शिरून वृक्षाच्या फांद्यांप्रमाणें पुन्हां फुटते, आणि रक्ताला दुसऱ्यांदा बारीक वाहिन्यांतून जावें लागतें. गांवांत येणारा माल जसा आधीं नाक्यावर तपासला जावा, तसा आंतड्यांत शोषलेला अन्नरस येथें तपासला जातो. साखर सांठविली जाते, विषारी द्रव्यें निकामी केलीं जातात. यकृताला मिळणाऱ्या रक्ताचा सुमारें तीन चतुर्थांश भाग या नीलेंतून येतो. उरलेलें, प्राणवायूनें समृद्ध असें रक्त यकृत-रोहिणी आणते.

डुकराच्या यकृताच्या पृष्ठभागावर लहान लहान बहुकोनी चौकटी नुसत्या डोळ्यांनीं दिसतात. गोव्यांत सोरपोतेल रांधणाऱ्यांनीं त्या पाहिल्या असतील. प्रत्येक चौकट म्हणजे एक खंडिका. तिच्या कोपऱ्यांवर प्रवेशिनी नीला, रोहिणी व पित्तनलिका यांच्या शाखा असतात. रक्त कडेकडून मध्याकडे वाहतें व मधल्या नीलेंत उतरतें. पित्त त्याच्या उलट, मध्याकडून कडेकडे जातें. मनुष्याच्या यकृतांतहि रचना हीच. परंतु खंडिकांमधील तंतूंच्या भिंती इतक्या विरळ कीं सीमा सहसा उमगत नाहींत. म्हणूनच १८३३ सालीं फ्रान्सिस कीर्नन यांनीं खंडिकेचें जें सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलें, त्यास डुकराच्या यकृताचा मोठा आधार होता.

पण साम्यानें भुलून जाणें धोक्याचें आहे. गेलेननें पशूंच्या शरीरावरून केलेल्या वर्णनाचा पगडा इतका होता कीं, मनुष्याच्या यकृतालाहि पांच खंड असतात असें शतकानुशतकें मानलें गेलें. व्हेसेलियसनें १५४३ सालच्या आपल्या ग्रंथांत तें खोडून काढलें. डुकराच्या यकृतांत खंडांमध्यें खोल भेगा असतात. मनुष्यांत तशा नसतात. शिवाय हृदयाकडे जाणारी अधोमहानीला डुकराच्या यकृताच्या गाभ्यांत रुतलेली असते, तर मनुष्यांत ती मागील बाजूच्या खोबणींत असते. ही नीला सोडवावयास गेलेल्या शस्त्रवैद्याचा हात या एका फरकामुळें चुकूं शकतो. त्यांतच प्रवेशिनी नीला फार वेळ दाबून ठेवली, तर रक्त आंतड्यांत तुंबतें आणि रक्तदाब झपाट्यानें उतरतो.

आज या ज्ञानाची निकड वाढली आहे. २०२४ च्या मार्च महिन्यांत चीनमधील शिआन येथें, जनुकें बदललेल्या डुकराचें यकृत एका मेंदुमृत मनुष्याच्या शरीरांत जोडण्यांत आलें. दहा दिवसांच्या निरीक्षणांत त्यानें पित्त निर्माण केलें. दात्याच्या अभावीं यकृतविकारानें प्राण गमावणाऱ्या रुग्णांस हा मार्ग उद्यां उपयोगी पडावयाचा, तर प्रत्येक वाहिनी कोठून येते व कोठें जाते, हें शस्त्रवैद्यास दोन्ही शरीरांत सारखेंच पाठ असावें लागेल.