फी कशाची?

घर आणि दवाखाना : लेखांक पाचवा

ज्यांचे बालपण तालुक्याच्या गावी गेले आहे, अशा आज साठी ओलांडलेल्या वाचकांना जुन्या दवाखान्यातील ती औषधांची खिडकी, तिच्यापलीकडे खलात गोळ्या कुटून पुड्या बांधणारे कंपाउंडर, आणि घरून धुऊन नेलेल्या काचेच्या बाटलीवर डकवलेली, डोसांच्या खुणांसाठी कडेने कातरलेली कागदाची पट्टी निश्चित आठवत असेल. त्या बाटलीतल्या तांबड्या मिश्रणाचे व चार पुड्यांचे जे काही पैसे होत, तेच डॉक्टरांचे पैसे समजले जात. नाडी पाहिली, पोट दाबून पाहिले, छातीला नळी लावली, याचे म्हणून निराळे काही द्यावयाचे असते, ही कल्पना आमच्या आईवडिलांच्या मनाला शिवलीच नव्हती. डॉक्टरांचे ज्ञान जणू त्या बाटलीत विरघळून आमच्या घरी येत होते, आणि मोल दिले जात होते ते बाटलीचे.

मागील लेखांकात कोणत्या तक्रारीसाठी कोणाकडे जावे याचा विचार केला. आज तेथे गेल्यावर काय घडते आणि त्याचे काय द्यावे लागते हे पाहावयाचे आहे, आणि त्याचा प्रारंभ मी बुद्ध्याच या बाटलीपासून केला आहे. कारण ती बाटली नाहीशी झाली तरी तिच्यासोबत जडलेली समजूत गेलेली नाही. तीनशे रुपये मोजून, केवळ एक चिठ्ठी व ‘तीन दिवस विश्रांती घ्या, पाणी भरपूर प्या’ एवढा उपदेश घेऊन बाहेर पडलेल्या माणसाला आपले पैसे वाया गेले असे वाटते. उलट सुई टोचली, सलाइन लावले, की फी वसूल झाल्याचे समाधान लाभते. सर्दी-पडशाच्या बहुसंख्य तक्रारी विषाणूंमुळे होतात, त्यांवर प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही, आणि त्या आपल्या मुदतीने बऱ्या होतात. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाइनच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ व बाकी पाणी असते, आणि ज्याला तोंडाने खाता-पिता येते अशा माणसाला केवळ अशक्तपणा वाटतो म्हणून ते शिरेतून देण्याने काही विशेष साधत नाही. मात्र सुईच्या जागी जंतुसंसर्ग होण्याचा धोका पदरात पडतो. जो डॉक्टर ‘तुम्हांला इंजेक्शनची आवश्यकता नाही’ असे सांगतो, त्याने आपल्या शिक्षणातील सर्वांत मौलिक असा अंश त्या क्षणी आपल्याला दिलेला असतो, आणि फी आहे ती या निर्णयाची.

हा निर्णय कसा होतो? प्रथम नाव नोंदले जाते, वजन व रक्तदाब पाहिला जातो, आणि मग आपली पाळी येते. यानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांत, पुष्कळदा त्याहूनही कमी वेळात, डॉक्टरांच्या हाती येणारे सर्वांत मोठे साधन म्हणजे आपण सांगितलेली कैफियत होय. ताप कोणत्या दिवशी आला, तो उतरतो की अंगात राहतो, दुखणे कोठून कोठे सरकते, भूक, झोप व लघवी कशी आहे, यांतून निदानाची दिशा ठरते, आणि तपासण्या पुष्कळदा त्या दिशेची खातरजमा करण्यापुरत्याच लागतात. म्हणून निघण्यापूर्वी घरीच चार ओळी कागदावर टिपून ठेवाव्यात. चालू असलेल्या औषधांची नावे सांगण्याच्या भानगडीत न पडता त्यांची पाकिटेच पिशवीत घालावीत, आणि त्यांत वैद्यांकडचे चूर्ण किंवा शेजाऱ्यांनी दिलेल्या गोळ्याही असाव्यात. पूर्वी एखाद्या औषधाची पुरळ उठली असेल, मधुमेह असेल, दिवस गेले असतील किंवा तशी शक्यता असेल, तर हे विचारण्याची वाट न पाहता सांगावे. मुख्य तक्रार उठता उठता, दाराशी गेल्यावर सांगण्याची आपल्याकडे, विशेषतः स्त्रियांमध्ये, जी सवय आहे, तिच्यामागील संकोच मी जाणतो. तथापि त्या संकोचापायी किती छातीतल्या गाठी आणि किती अंगावरून जाणारे रक्त महिनोन्महिने लपून राहते, याचे मला मनापासून दुःख होते.

आता रकमेकडे वळू. आजमितीस तालुक्याच्या ठिकाणी सर्वसाधारण डॉक्टर शंभर ते तीनशे रुपये घेतात, पुण्या-मुंबईकडे तीनशे ते पाचशे, आणि तज्ज्ञांची पहिली भेट सातशेपासून पंधराशेपर्यंत, क्वचित त्याहूनही वर जाते. आठवड्याभरातील फेरतपासणी काही ठिकाणी विनामूल्य, काही ठिकाणी निम्म्या दरात होते. शहर, पदवी व अनुभव यांप्रमाणे हे आकडे बदलणारच, म्हणून आकड्यांपेक्षा आधी विचारणे महत्त्वाचे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत डॉक्टरांनी आपली फी व इतर आकार आपल्या दालनातील फलकावर स्पष्ट लावावेत, आणि फी सेवेपूर्वी सांगावी, उपचार सुरू झाल्यावर नव्हे, अशी तरतूद आहे. तेव्हा स्वागतकक्षातील मुलीला ‘ताई, फी किती? त्यात पुन्हा दाखवायला येणे धरले आहे का? आजच सोनोग्राफी वा ईसीजी काढला तर त्याचे निराळे किती?’ असे विचारण्यात कोणताही उणेपणा नाही. पावती मागावी, तिच्यावर, चिठ्ठीवर आणि दवाखान्यातही डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असावयास हवा. डॉक्टरांच्या तपासणी-फीवर जीएसटी लागत नाही. रुग्ण दुसरीकडे धाडल्याबद्दल दलाली घेणे वा देणे त्याच आचारसंहितेने निषिद्ध ठरवले आहे. म्हणून ‘अमुकच प्रयोगशाळेत जा’ असा आग्रह झाल्यास त्याचे कारण नम्रपणे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

फोनवर विचारलेल्या सल्ल्याविषयीही हाच न्याय लागू होतो. मार्च २०२० मध्ये केंद्र शासनाने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत अशा सल्ल्यासाठी योग्य ती फी आकारण्याची मुभा आहे आणि तिची पावती देण्याचे बंधनही आहे. हाती काहीच वस्तू येत नसल्यामुळे येथे पैसे देणे आपल्या जिवावर येते. परंतु रात्री दहा वाजता मुलाच्या तापाविषयी ऐकून घेऊन ‘सकाळपर्यंत थांबा’ किंवा ‘आत्ताच निघा’ असे सांगणाऱ्याने केलेले काम समोर बसून केलेल्या कामाहून हलके नसते.

चिठ्ठीवरील १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. औषधाचे मूळ नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे असा नियम आहे, आणि ते लिहिलेले असेल तर जनऔषधी केंद्रात तेच औषध पुष्कळच स्वस्त मिळू शकते. ही चिठ्ठी फाइलीला लावून ठेवावी. आपल्या कागदपत्रांची मागणी रीतसर केल्यास ती ७२ तासांच्या आत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

ज्यांना ही फी परवडत नाही, त्यांच्यासाठी एक गोष्ट ठळकपणे सांगितली पाहिजे. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ग्रामीण, उपजिल्हा व जिल्हा रुग्णालयांत केसपेपरसह तपासणी व उपचार विनामूल्य आहेत. महानगरपालिकांची व वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये या निर्णयात येत नाहीत. तेथील दर निराळे. महात्मा फुले जनआरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन करावयाच्या उपचारांसाठी आहे, आणि बहुतेक आरोग्यविम्यांतही दवाखान्यातील साधी भेट धरलेली नसते, म्हणून ती रक्कम दूध-किराण्याप्रमाणे घरखर्चातच आधी काढून ठेवावी लागते. जिल्हा रुग्णालयाची रांग लांब असते हे मी नाकारीत नाही. परंतु सकाळी लवकर पोचून, मागील केसपेपर सोबत नेऊन आणि तक्रारींचा तो चार ओळींचा कागद हाती धरून उभ्या असलेल्या माणसाला तेथेही तोच निर्णय मिळतो, ज्यासाठी शहरातील खाजगी दालनात हजार रुपये मोजले जातात.

रक्त-लघवीच्या तपासण्यांच्या चिठ्ठ्या, त्यांतील आवश्यक कोणत्या व त्यांचे दर कसे ठरतात, हा विषय पुढील लेखांकात घेऊ.