१६०० मीटरच्या रस्त्यावर ४२ किलोमीटर

भंडाऱ्याजवळच्या कारध्यातून अड्याळ-पवनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे पाचला भरतीची पोरं-पोरी धावत असतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. मुलीने ८०० मीटर २ मिनिटे ५० सेकंदांत मारले की २० पैकी २० गुण. म्हणून सगळा जीव सेकंदांत. मी त्यांच्यामधून जाऊ लागले की कुणीतरी विचारतेच, ‘मॅडम, एवढं हळू कायले पळता जी?’

हळू पळणे हीच माझी तयारी आहे. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉनमध्ये मला ४२.१९५ किलोमीटर धावायचे आहे, आयुष्यात पहिल्यांदा. शरीराचा हिशोब पोरींना मी असा सांगते: स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर साधारण दोन हजार कॅलरींची. ६० किलो वजनाची बाई एका किलोमीटरला साठेक कॅलरी जाळते. सगळे इंधन साखरेचेच घेतले तर तीस-बत्तीस किलोमीटरवर साठा संपतो आणि पाय उचलेनासे होतात. हळू धावले की शरीर चरबीही वापरू लागते, साखर पुरवून पुरवून खाते. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच वेग ठेवायचा. दम लागून वाक्य तुटले की वेग कमी करायचा. ऐकायला सोपे आहे, पण अठरा वर्षांची पोर भर्रकन बाजूने निघून जाते तेव्हा पायांना आवरणे फार कठीण जाते.

आठवड्यातून एकदा, रविवारी, लांब धाव. ती दर आठवड्याला थोडीच वाढवायची आणि चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करायची, कारण हाडे आणि स्नायुबंध फुफ्फुसांपेक्षा सावकाश तयार होतात. श्वास पुरतो म्हणून अंतर वाढवणाऱ्यांच्याच नडग्या दुखतात. सरावात ३२ किलोमीटरच्या पुढे जायचे नाही. उरलेले दहा स्पर्धेच्याच दिवशी. शेवटचे तीन आठवडे धाव घटवत न्यायची. हे घटवणे मला वाढवण्याहून जड जाणार, हे आत्ताच दिसते आहे.

सराव सुरू केला तो रोवणीच्या दिवसांत. बांध्यांमध्ये पाणी, रस्त्याच्या कडेला चिखल, वैनगंगेला पूर आला की जुना लहान पूल बंद. मग भंडाऱ्याची बाजू सोडून पवनीच्याच रस्त्यावर येरझारा. दिवाळीनंतर त्याच रस्त्याच्या कडेला धान वाळत पडले आणि शेतात पुंजणे उभे राहिले. धानावर पाय पडू नये म्हणून मधून धावावे, तर मागून ट्रक. यावर उपाय एकच, अजून लवकर उठणे. नवरा मोटारसायकलवर मागे असतो. डिकीत पाणी, मीठ-साखरेचे सरबत, खजूर आणि शेंगदाण्याची चिक्की. तासाभरानंतर भूक नसली तरी थोडे थोडे खायचे, ही सवय आतड्यांनाही लावावी लागते.

पाण्याचे महत्त्व मला धावण्याआधी मी शिकवते त्या वर्गातल्या एका मुलाने शिकवले. त्याला सिकलसेल आहे. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या या आजाराची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये केली, तेव्हापासून विदर्भाला त्याचे नाव ठाऊक आहे. शरीरातले पाणी किंवा प्राणवायू कमी झाला, फार थंडी वाजली, फार दमछाक झाली, की या मुलाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे आतून ठणकू लागतात. निरोगी पेशी १२० दिवस जगते, त्याची दहा-वीस दिवस. म्हणून रक्त कायम कमी. मी थंडीत, दमछाक करून, घाम गाळून जे हौसेने करते, त्यातली प्रत्येक गोष्ट त्याला दवाखान्यात नेऊ शकते. अशा मुलांच्या उपचारांसाठी मी निधी गोळा करते आहे.

स्पर्धेचे प्रवेशशुल्क म्हणजे देणगी नव्हे, हे घरोघरी सांगावे लागले. शुल्क, बूट, प्रवास माझ्या खिशातून; देणगीचा रुपया थेट रुग्णांसाठी काम करणाऱ्या नागपूरच्या संस्थेच्या खात्यात, पावतीसह. ‘तू धावणार, तर आम्ही पैसे का द्यायचे?’ हा प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर म्हणून मी त्या मुलाच्या महिन्याचा खर्च सांगते: औषध, तपासण्या, नागपूरला जाण्यायेण्याचे भाडे, सोबत जाणाऱ्या आईची बुडालेली मजुरी. औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळाली तरी मजुरी कोण भरून देणार? धानाचे चुकारे हातात नव्हते, तेव्हा काहींनी पायलीभर तांदूळच दिला. मोबाइलवरून आलेल्या मोठ्या रकमांइतकाच तो मला मोलाचा वाटतो, कारण देणाऱ्या घरांपैकी काहींना हा आजार जवळून माहीत आहे.

वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवर विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसले की थेट मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरता येते, आणि मॅरेथॉन सुटते ती त्याच स्टेशनसमोरून. तिथवरची सोय झाली आहे.

भरतीच्या पोरींना आणि हे वाचणाऱ्यांना एक विनंती. सराव सुरू करण्याआधी डॉक्टरांनी माझी सिकलसेलची तपासणी करून घेतली होती. सिकलसेलचा वाहक माणूस निरोगीच असतो, पण उन्हात, पाणी न पिता, ताकदीबाहेर धावला तर क्वचित त्याच्या जिवावर बेतू शकते. शिवाय नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. सोल्युबिलिटी चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. धावायला लागण्याआधी ती करून घ्या, आणि लग्न ठरवण्याआधी तर नक्कीच.