खाऱ्या वाऱ्यातली चौथी गिटार

मनोरीत वाद्यांचं दुकान नाही. तार तुटली की मार्वेची फेरीबोट, तिथून बसने मालाड स्टेशन, आणि मनासारखीच तार हवी असेल तर पुढे लोकलने वांद्रे किंवा मरीन लाइन्स. दुसरा रस्ता गोराई-उत्तन-भाईंदरवरून जातो, तो लांबचा. इथे राहून गिटार वाजवणाऱ्या माणसाला म्हणूनच आवाजाआधी एक प्रश्न पडतो: ही बिघडली तर अ‍ॅलन की, स्क्रू-ड्रायव्हर आणि सोल्डरिंग आयर्न एवढ्यावर घरीच नीट होईल का? शहरातल्या दुकानात कोणी असं विचारलं तर पोरं हसतात.

माझ्याकडे तीन गिटारी आधीच आहेत. चौथी घ्यायची म्हटल्यावर घरून जो प्रश्न आला तो रास्त होता: या तिघींना काय झालं? उत्तर देण्यासाठी मी तिन्ही गिटारी पलंगावर मांडल्या आणि प्रत्येक गिटार शेवटची कशासाठी बाहेर काढली ते आठवलं. संग्रहात काय कमी आहे हे कॅटलॉग बघून कळत नाही, घरात काय पडून आहे ते बघून कळतं.

पहिली कोलकात्याची गिव्हसन, स्टीलच्या तारांची. माझ्या पिढीतल्या अनेकांचा श्रीगणेशा असल्याच गिटारवर झाला, आणि बोटांना घट्टेही तिनेच पाडले. ती अंगणातल्या गाण्यांना चालते. दुसरी नायलॉनच्या तारांची, नाताळात घरोघरी कॅरोल म्हणताना हीच खांद्यावर असते. तिसरी इलेक्ट्रिक, स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाची नक्कल: तीन सिंगल कॉइल पिकअप, पाच जागांचा स्विच, आणि सूर हलवायला ट्रेमोलोचा दांडा. लिओ फेंडर यांनी १९५४ मध्ये बाजारात आणलेला हा घाट आजही स्वस्तात स्वस्त गिटारींत सर्वाधिक दिसतो. आवाज स्वच्छ, काचेसारखा. तक्रार आवाजाची नव्हतीच.

तक्रार होती घुंईची. सिंगल कॉइल म्हणजे चुंबकांभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार. ती गिटारच्या तारेचं कंपन पकडते, तशीच आसपासच्या वायरिंगमधली विजेची लहरही पकडते. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे अ‍ॅम्पमधून त्याच सुराची आणि त्याच्या वरच्या पटींची घरघर येते. घरात ती सोसते. पण लग्नाच्या मांडवात एकाच बोर्डावरून रोषणाई, पंखे, आइस्क्रीमचा फ्रीझर आणि आमचा अ‍ॅम्प चालतो, आणि अर्थिंगची तार कुठे गेली हे मांडववाल्यालाही माहीत नसतं. तिथे दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत ती घुंई सगळ्यात मोठ्याने वाजते. (अशा ठिकाणी गिटार हातात धरून माइकला ओठ लावण्याआधी बोटाच्या मागच्या बाजूने माइक तपासावा. विनोद नाही.)

यावरचा उपाय गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी १९५५ च्या सुमारास काढला. दोन कॉइल शेजारी बसवायच्या, एकीचे चुंबकीय ध्रुव दुसरीच्या उलट, आणि दोन्हींची जोडणीही उलट. तारेचं कंपन दोन्हींत मिळून दुप्पट होतं, बाहेरून आलेली घुंई मात्र एकमेकींना खोडून टाकते. हा हंबकर. आवाज जाड, थोडा गडद. आमच्या तिघींत असा आवाज कोणाचाच नव्हता. ज्या कामाला चौथी हवी होती ते काम अशा रीतीने सापडलं: मांडवात तीन तास गप्प राहू शकणारी, भरल्या आवाजाची इलेक्ट्रिक. बजेट २० हजार, आणि त्यातच तारा, सेटअप आणि प्रवास.

आता खाऱ्या वाऱ्याचं. मनोरीच्या किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळतात ते ज्या हवेच्या जिवावर, तीच हवा घरात गिटारवर बसते. महापालिकेला याच मनोरीत दिवसाला २० कोटी लिटर समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प उभारायचा आहे. हवेतलं मीठ काढण्याची योजना अजून कोणी मांडलेली नाही. साध्या तारा इथे आठवड्यांत काळवंडतात. कोटेड तारा टिकतात, पण किंमत दुपटीहून वर. फ्रेट तांबं, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूचे, त्यांवर हिरवट थर चढतो. आवाजाचा नॉब फिरवला की खरखर येते, कारण आतली पट्टी मळलेली असते. आणि या सगळ्यात आधी मरतो तो ट्रेमोलो. माझ्या तिसरीच्या पाठीमागचं झाकण काढलं तेव्हा आतल्या स्प्रिंगा तांबूस झाल्या होत्या, आणि ब्रिज ज्या दोन-चार स्क्रूंवर डुलतो ते गंजून ब्रिज परत जागेवर येईनासा झाला होता. दांडा दाबून सोडला की गिटार बेसूर. शेवटी मी स्प्रिंगा आवळून ब्रिज लाकडाला टेकवला आणि दांडा खणात ठेवला. म्हणून चौथीची दुसरी अट: ब्रिज फिक्स्ड. हलणारे भाग जितके कमी तितकं बरं.

मग दुकानं. मुंबईत गिटार बघायची म्हणजे धोबीतलाव टाळता येत नाही. फुर्टाडोजची पेढी १८६५ ची. पियानो, चर्चची स्वरलिपीची पुस्तकं आणि व्हायोलिनच्या तारा यांच्या काळापासून हा भाग वाद्यांचा आहे. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवणारे गोवेकर आणि पारशी वादक याच शहरात राहत. व्हॅन शिपली यांच्या इलेक्ट्रिक गिटारवर वाजलेल्या फिल्मी गाण्यांच्या रेकॉर्ड एकेकाळी घराघरांत होत्या. १९७१ च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’मधली गिटार भूपिंदर सिंग यांची, हे त्यांच्या गझला ऐकणाऱ्या अनेकांना ठाऊक नसतं. या वादकांच्या काळात परदेशी गिटार मिळवणं हेच एक काम होतं. आज उलटी अडचण आहे. भिंतीवर स्क्वायर, यामाहा पॅसिफिका, आयबनेझ जिओ, एपिफोन, कोर्ट अशा गिटारी हात-हातभर अंतरावर टांगलेल्या असतात आणि त्यांतल्या बहुतेक इंडोनेशिया किंवा चीनमध्ये बनलेल्या असतात. यंत्रांनी लाकूड इतकं नेमकं कापलं जातं की वीस हजारांच्या आसपासची गिटार आता सहसा टाकाऊ निघत नाही. फरक पडतो तो शेवटच्या हातकामात: फ्रेट घासणं, नट कापणं.

दुकानात पोरं आधी गिटार अ‍ॅम्पला जोडतात आणि डिस्टॉर्शन लावतात. आवाज इतका दाट होतो की त्यात वाईट गिटारही लपते. मी उलट करतो, आधी न जोडताच वाजवतो. सोल्डर नाही, चुंबक नाही, नुसतं लाकूड आणि तार. कानाजवळ शिंगाचा भाग टेकवून प्रत्येक तार मोकळी छेडायची. एखादा सूर लवकर मरत असेल, तर तो इथेच कळतो. मग बारीक तार पंधराव्या फ्रेटजवळ दाबून वर ओढायची, पूर्ण एक स्वर. ओढताना आवाज गळा दाबल्यासारखा बंद झाला तर फ्रेट वरखाली आहेत, किंवा तारा फारच खाली बसवल्या आहेत. यातलं दुसरं दुकानदाराकडून फुकट दुरुस्त होतं, पहिलं होत नाही. तारा उचलून घ्यायला सांगायचं, तरी गळा दाबलेलाच राहिला तर गिटार भिंतीवर परत.

निवडताना खरी कसोटी हीच आहे. तारांची उंची, नेकचा बाक, बाराव्या फ्रेटवरचा सूर आणि मोकळ्या तारेचा सूर यांतली तफावत, पिकअपची उंची: ही सगळी स्क्रूची कामं, त्यांवरून गिटार नाकारणं म्हणजे भाड्याच्या घराला भिंतीच्या रंगावरून नाही म्हणणं. नट प्लॅस्टिकचा असला, केबलचं सॉकेट ढिलं असलं, खुंट्या हलक्या असल्या तरी बदलता येतात, खर्च काहीशे ते दोनेक हजार. पण नेक पिळवटलेली असेल तर तिथून पळावं. खोक्याच्या बाजूने गिटार डोळ्याच्या रेषेत धरायची आणि नेकच्या दोन्ही कडा बघायच्या; एक कड सरळ आणि दुसरी वाकडी दिसली की पीळ आहे. साधा बाक नेकच्या आतल्या ट्रस रॉडने निघतो, पीळ नाही.

लेस पॉलच्या घाटाने मला बराच वेळ थांबवून ठेवलं. गिब्सनने १९५२ मध्ये आणलेला हा घाट. हंबकर आणि फिक्स्ड ब्रिज म्हटलं की पहिली हीच डोळ्यांपुढे येते. तारेची कंपन पावणारी लांबीही थोडी कमी, ६२८ मिलिमीटर, तर फेंडरच्या घाटांत ६४८. एवढ्या फरकाने तार मऊ लागते, पन्नाशीच्या बोटांना ती हवीशी वाटते. पण या घाटाचं डोकं मागे कललेलं असतं आणि खुंट्यांच्या मुळाशी लाकूड बारीक. गिटार पाठीवर पडली की तिथेच मोडते, हा या घाटाचा जगभरातला अनुभव. फेरीबोटीत मोटारसायकली, भाजीच्या जुड्या, बर्फाचे खोके आणि शाळेची पोरं यांच्यामध्ये नुसत्या कापडी पिशवीतली गिटार उभी धरून मी वर्षानुवर्षं आलो-गेलो आहे. भरतीच्या वेळी बोट धक्क्याला आदळली की कोणाचा कोपर कुठे लागेल ते सांगता येत नाही. म्हणून तिसरी अट: सपाट डोकं आणि चार स्क्रूंनी बसवलेली नेक; मोडली तरी दुसरी बसवता येते. लेस पॉल परत टांगली.

या शोधात एक गोष्ट मी शोधायला गेलो नव्हतो. नेकवरची जी गडद पट्टी, जिच्यात फ्रेट ठोकलेले असतात, ती पूर्वी बहुधा शिसवीची असे. २ जानेवारी २०१७ पासून शिसवीच्या अख्ख्या कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचे परवाने लागू झाले. गिटार कंपन्यांना प्रत्येक खोक्यामागे कागद नाचवावे लागू लागले, आणि स्वस्त गिटारींवरून शिसव भराभर उतरली. नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना सूट मिळाली, पण तोवर कंपन्यांनी दुसरी लाकडं पकडली होती. त्यांतलं एक, स्क्वायर आणि एपिफोनच्या बऱ्याच गिटारींवरचं, ‘इंडियन लॉरेल’ या नावाने विकलं जातं. हा आपला ऐन. सुसरीच्या पाठीसारख्या भेगाळ सालीचा, सह्याद्रीच्या पानझडी रानात पावलोपावली भेटणारा, घराच्या तुळयांना आणि शेतीच्या अवजारांना लागणारा ऐन. अमेरिकी नावाच्या, इंडोनेशियात जुळवलेल्या गिटारवर तो बसलेला पाहून मला उगीचच मालकी हक्काची भावना झाली. व्यवहारात त्याचा अर्थ एवढाच की पट्टी कोरडी आणि फिकट दिसते. वर्षातून दोनदा तेलाचं बोट फिरवलं की काळसर होते. आवाजात फरक पडतो म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

शेवटी गिटार दुकानात मिळाली नाही, कांदिवलीत मिळाली. इंजिनीअरिंग संपवून बंगळुरूला निघालेल्या एका मुलाची, दोन हंबकर, फिक्स्ड ब्रिज, सपाट डोकं, ऐनाची पट्टी. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची नवी गिटार मी दुकानात आठवडाभर आधी नाकारली होती. या किमतीत नावापेक्षा हातातला नग बघावा लागतो. मुलगा जरा अस्वस्थ होता. मी आधी केबल लावतच नव्हतो.

“काका, अ‍ॅम्प चालू करू का?”

“थांब रे. आधी नुसती ऐकू दे.”

मग अ‍ॅम्प चालू केला, तारांना हात न लावता आवाज पूर्ण वाढवला. पंखा चालू, ट्यूबलाइट चालू, मोबाइल चार्जरला. नुसतं हलकं फुसफुसणं. स्विचच्या तिन्ही जागी पिकअपवर स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने टकटक केली, दोन्ही जिवंत. केबल सॉकेटमध्ये हलवली तर आवाज तुटला. ते सॉकेट, घरी होईल. फ्रेटची टोकं अंगठ्याला थोडी बोचत होती, तीही घरी होतील. नेक सरळ. मुलाने सांगितलेली किंमत साडेबारा हजार, थोडी घासाघीस, अकरा हजारांवर ठरलं. त्याने पट्टा फुकट दिला, ज्यावर कवट्या छापलेल्या आहेत. पॅरिशच्या सणाला तो बदलावा लागेल.

उरलेल्या पैशांचं काम घरी. सॉकेट नवं, सोल्डर दोन टाके. नॉबमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा. फ्रेटची टोकं बारीक कानसीने, कागदी टेप लावून, कारण कानस घसरली तर लाकूड जातं. १० ते ४६ मापाच्या कोटेड तारा. मग नेकचा बाक: पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर जाडी तार एकाच वेळी दाबायची आणि मध्ये, सातव्या-आठव्या फ्रेटवर, तार आणि फ्रेट यांमधली फट बघायची. व्हिजिटिंग कार्ड अडखळत सरकेल एवढी हवी. पावसाळ्याच्या तोंडाशी मी ती फार नेमकी करत नाही. जून ते सप्टेंबर इथली नेक मनाला येईल तशी हलते, आणि प्रत्येक वेळी ट्रस रॉड फिरवत बसणारा माणूस शेवटी रॉडचा नटच खराब करतो. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची दीड मिलिमीटरऐवजी दोनवर ठेवली आहे, म्हणजे थोडं हललं तरी घरघरणार नाही.

स्ट्रॅटची नक्कल विकायची का, असं घरून विचारून झालं. विकणार नाही. साध्या सुटसुटीत ऱ्हिदमला तिच्यासारखी दुसरी नाही, आणि स्विचच्या दुसऱ्या व चौथ्या जागी ती घुंईसुद्धा करत नाही, कारण तिचा मधला पिकअप उलट गुंडाळलेला आहे. नायलॉनची मात्र भाच्याला वसईला देऊन टाकतो आहे. पुढच्या नाताळाला तो इकडे आला की तिच्यासकट येईल, असं त्याने कबूल केलंय.