ओहोटीनें मागें ठेवलेलें पाणी



उन्हाळ्याच्या सुटींत मुलांना समुद्रकांठीं नेणें झाल्यास घड्याळाच्या आधीं पंचांग पाहावें. लहानपणीं पाठ केलेली पाऊणकी येथें उपयोगी पडते. पक्ष शुद्ध असो वा वद्य, तिथीची पाऊणपट केली कीं मुंबई-कोंकणच्या किनाऱ्यावरील पूर्ण भरतीची वेळ अदमासें कळते; पूर्ण ओहोटी तिच्या सुमारें सव्वासहा तास आधीं. तृतीयेला तीन पाऊण सव्वादोन, म्हणजे भरती दुपारीं २-१५ ला व ओहोटी सकाळीं ८ च्या सुमारास. शिवाय पौर्णिमा-अमावास्येच्या मागोमाग उधाण असल्यानें पाणी दूरवर हटतें. अष्टमीला मात्र ओहोटी ऐन दुपारीं, आणि तीही भांगाची, म्हणजे अपुरी.

मुंबईंतलेंच उदाहरण घ्या. वांद्रे किल्ल्याजवळच्या बागेंत न्याहारी आटोपून खालीं पाहावें, तों काळे खडक उघडे पडलेले दिसतात. त्यांच्या खळग्यांत जें पाणी मागें राहतें, तें भरती परत येईपर्यंत एक लहानसें जगच असतें. खडकाला चिकटलेलीं कालवें, शंख पाठीवर घेऊन चालणारा खेकडा, पाकळ्या पसरून बसलेलें समुद्रफूल. हें नांवाचें फूल; वस्तुतः तो भक्ष्य धरणारा प्राणी आहे.

या रहिवाशांची परीक्षा रोजचीच. ऊन चढतें तसें उथळ पाणी तापतें, आटतें व अधिक खारट होतें. तापलेल्या पाण्यांत प्राणवायुही कमी राहतो. उघड्या पडलेल्या खडकावरचें कालव आपले शिंपले घट्ट मिटून घेतें, समुद्रफुलाचा मऊ गोळा होतो आणि खेकडा दगडाखालीं शिरतो. तो दगड म्हणजे त्याचें छप्परच.

एकदां शाळेच्या मुलांना घेऊन गेलों असतां, त्यांच्या आग्रहावरून मीं एक खेकडा व दोन शंख काचेच्या बरणींत भरून आणूं दिले. बरणींत समुद्राचेंच पाणी होतें. मग भीति कसली, असें मला वाटलें. दुसऱ्या दिवशीं वर्ग उघडला, तों सारे मेलेले. मुलें माझ्याकडे पाहत राहिलीं. पाणी तेंच होतें, पण तें बदलणारी भरती बरणींत येणार नव्हती, हें मास्तरांनीं आधीं ओळखावयास हवें होतें.

तेव्हां दगड उचललात तर होता तसा अलगद ठेवा, बरणी घरींच राहूं द्या, आणि पाणी फिरलें कीं बागेकडे वळा. भरती तिसऱ्या-चौथ्या तासांत सर्वांत झपाट्यानें चढते. आणि डबक्यांतले जीव तिचीच वाट पाहत असतात.